खाल्लेली हळद अंगी किती लागते?

धाराशिव जिल्ह्यात अणदूर आणि नळदुर्ग ही गावं एकमेकांच्या शेजारची. दोन्हीकडे खंडोबाचं देऊळ आहे, पण मूर्ती एकच. ती ठरल्या काळी या गावातून त्या गावात वाजतगाजत जाते. पौष पौर्णिमेच्या नळदुर्गच्या यात्रेत भंडाऱ्याची अशी उधळण होते की केस, भुवया, सदरे, वाटेत उभ्या असलेल्या जीपच्या काचा, सगळं पिवळंधमक. भंडारा कपाळाला लागतो, चिमूटभर जिभेवर जातो आणि बराचसा नाकातोंडात आपसूक शिरतो. त्यात औषधी अंश किती, असं तिथे कुणी विचारत नाही. विचारायचं कारणही नाही.

विचारायला हवं ते औषधाच्या दुकानात. अलीकडे तालुक्याच्या गावातही काउंटरमागच्या फळीवर हळदीच्या गोळ्या, कॅप्सूल, थेंब, पाण्यात फसफसणाऱ्या टिकल्या, मुलांसाठी गोड चघळगोळ्या दिसतात. कुणी ‘९५ टक्के अर्क’ म्हणतं, कुणी ‘काळ्या मिरीसह’, कुणी ‘नॅनो’. यांच्यातली खरी चढाओढ आता हळदीच्या शुद्धतेवरून नाही, शोषणावरून आहे: आमची हळद साध्या हळदीपेक्षा सात पट, वीस पट, एकोणतीस पट, एकशे पंच्याऐंशी पट अंगी लागते. हे आकडे हवेतून आलेले नाहीत, प्रयोगांतून आलेले आहेत. तरीही त्यांचा अर्थ डबीवरून वाटतो तसा नाही.

आधी हळदीतच काय असतं ते पाहू. चांगल्या वाळल्या हळकुंडात कर्क्युमिन आणि त्याची दोन भावंडं मिळून साधारण दोन ते पाच टक्के भरतात. सरासरी तीनच्या आसपास. वर्ध्याच्या वायगावची हळद सहा टक्क्यांच्या वर जाते असा तिथल्या उत्पादकांचा दावा आहे आणि तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सांगलीच्या हळदीला ते २०१८ मध्ये आणि हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये मिळालं. आता घरचा हिशेब. चार माणसांच्या स्वयंपाकात दिवसाला एक लहान चमचा, म्हणजे तीन ग्रॅम हळद पडली, तर त्यात कर्क्युमिन नव्वद मिलिग्रॅम. माणशी बावीस-तेवीस. बाजारातली एक कॅप्सूल साधारणपणे पाचशे मिलिग्रॅमची असते. म्हणजे आमटीतली हळद आणि डबीतली हळद या एकाच झाडाच्या असल्या तरी मात्रेच्या हिशेबाने दोन वेगळ्या वस्तू आहेत. ‘आजी रोज हळद खायची, तिला काय झालं?’ हा युक्तिवाद कॅप्सूलच्या बाजूनेही चालत नाही आणि विरुद्धही चालत नाही.

कर्क्युमिनची अडचण अशी की पोटात गेल्यावर ते टिकतच नाही. पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही. आतड्यात पोचलं की तिथलं वातावरण किंचित अल्कधर्मी, आणि अल्क म्हणजे कर्क्युमिनचा वैरी. याचा पुरावा तुळजापूरच्या देवळाबाहेरच्या कुंकवाच्या ढिगात पाहायला मिळतो, निदान खऱ्या कुंकवाच्या. जुन्या रीतीने कुंकू करतात ते हळदीवर चुना, खार अशा अल्कधर्मी द्रव्यांचा संस्कार करून. पिवळा रंग लाल होतो तो कर्क्युमिनचा रेणूच बदलल्यामुळे. लाल झालेलं कर्क्युमिन फार तग धरत नाही. प्रयोगशाळेत शरीराच्या तापमानाला आणि आतड्यासारख्या आम्ल-अल्क पातळीच्या द्रावणात ठेवलेल्या कर्क्युमिनचा नव्वद टक्के भाग अर्ध्या तासात नासतो, असं १९९७ मध्येच दाखवलं गेलं आहे.

यातूनही जे उरतं त्याला आतड्याची भिंत आणि यकृत गाठतात. तिथली विकरं कर्क्युमिनला ग्लुकुरोनिक आम्लाचं शेपूट जोडून देतात. शेपूट लागलं की रेणू पाण्यात विरघळतो आणि पित्तावाटे, लघवीवाटे बाहेर पडतो. स्वीडनमधल्या उप्साला इथे १९७८ मध्ये उंदरांना तोंडावाटे कर्क्युमिन दिलं तेव्हा सुमारे पंचाहत्तर टक्के विष्ठेत सापडलं आणि रक्तात नगण्य. माणसांवरचा २००६ चा अमेरिकी प्रयोग आणखी बोलका आहे. स्वयंसेवकांना मात्रा वाढवत वाढवत एका वेळी बारा ग्रॅमपर्यंत कर्क्युमिन दिलं गेलं. आठ ग्रॅमपर्यंत कुणाच्याही रक्तात ते सापडलं नाही. त्यावरच्या मात्रांना दोघांच्या रक्तात थोडंसं दिसलं.

‘पी हळद, हो गोरी’ असं उतावळ्याला हिणवतात. इथे तर पिऊनही काही पोचत नव्हतं.

मग १९९८ साली बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातून तो निबंध आला, ज्याच्या जोरावर आजचा अर्धा बाजार उभा आहे. मोजक्या निरोगी स्वयंसेवकांना दोन ग्रॅम कर्क्युमिन नुसतं दिलं, आणि पुन्हा एकदा वीस मिलिग्रॅम पिपेरिनबरोबर दिलं. पिपेरिन म्हणजे काळ्या मिरीचा तिखट अंश. दुसऱ्या वेळी उपलब्धता दोन हजार टक्के वाढली. वीस पट! उंदरांत हीच वाढ १५४ टक्के होती. निबंध छोटा, पण आकडा असा की जाहिरातवाल्याला दुसरं काही लागू नये.

पण वीस पट कशाच्या? महिन्याला दहा रुपये कमावणाऱ्याची कमाई वीस पट झाली तर दोनशे होते; घर त्यावर चालत नाही. त्या प्रयोगात पिपेरिनसह मिळालेली सर्वोच्च पातळी होती मिलिलिटरमागे ०.१८ मायक्रोग्रॅम, तीही पाऊण तासाच्या सुमाराला, आणि माणसागणिक प्रचंड फरकाने. शिवाय ती लवकरच ओसरली. प्रयोगशाळेतल्या तबकडीत पेशींवर कर्क्युमिनचे जे चमत्कार दिसतात, ते सहसा याच्या दहापट ते शंभरपट मात्रेला दिसतात. इतकी वाढ नंतरच्या सगळ्याच अभ्यासांना मिळाली, असंही नाही. बाजार मात्र एका हळकुंडाने पिवळा झाला.

मिरीचं काम नेमकं कसं चालतं, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण तिथेच धोकाही आहे. मिरी कर्क्युमिनला आतड्यातून ढकलत वगैरे नाही. ती शेपूट जोडणाऱ्या विकरांना काही काळ गप्प बसवते. औषधं मोडणाऱ्या इतर विकरांवरही तिचा असाच परिणाम होतो. फिट्सचं फेनिटॉइन, रक्तदाबाचं प्रोप्रॅनोलॉल, दम्याचं थिओफायलिन यांचीही रक्तातली पातळी पिपेरिनने वाढते. जम्मूच्या प्रयोगशाळेत चंद्रकांत अटल आणि सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून याचा माग काढला. आयुर्वेदातल्या कितीतरी कल्पांत सुंठ, मिरे, पिंपळी हे त्रिकटू का येतात, इथून त्यांची सुरुवात होती. त्याचं फळ म्हणजे क्षयरोगावरची एक गोळी: रिफाम्पिसिन ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम, सोबत आयसोनियाझिड आणि दहा मिलिग्रॅम पिपेरिन. तिथे मिरीचा हा गुण मोजूनमापून, औषध म्हणून, तपासून वापरला गेला. हळदीच्या डबीत तोच गुण कुणाच्याही हाती मोकळा दिलेला असतो. वॉर्फरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्याने ही डबी डॉक्टरांना न विचारता उघडू नये.

मिरीखेरीज इतर वाटाही निघाल्या आणि त्या जास्त कल्पक आहेत. केरळातल्या आलुव्याच्या अर्जुना कंपनीने अर्क काढताना वेगळं पडणारं हळदीचंच सुगंधी तेल पुन्हा कर्क्युमिनमध्ये मिसळलं. २००८ च्या छोट्या अभ्यासात उपलब्धता जवळजवळ सात पट दिसली. इटलीच्या इंडेना कंपनीने सोयाबीनच्या लेसिथिनमध्ये कर्क्युमिन गुंफून ‘मेरिव्हा’ आणलं. २०११ मध्ये आकडा आला एकोणतीस पट. जपानी ‘थेराकर्मिन’ने कण इतके बारीक केले की ते पाण्यात तरंगत राहतात: सत्तावीस पट. आणि २०१४ मध्ये जर्मनीत, स्निग्ध आणि पाणी दोघांशीही जमवून घेणाऱ्या पदार्थाच्या सूक्ष्म थेंबांत कर्क्युमिन बसवलं तेव्हा साध्या पुडीच्या मानाने १८५ पट.

हे सगळे आकडे शेजारी शेजारी ठेवून १८५ वाली डबी उचलणं म्हणजे फसगत. प्रत्येक प्रयोगाचा ‘साधी हळद’ हा पाया वेगळा, मात्रा वेगळी, किती तास रक्त काढलं ते वेगळं. पाया शून्याजवळ असला की ‘पट’ कितीही फुगवता येतात. मेरिव्हाच्या प्रयोगातही एकोणतीस हा आकडा कर्क्युमिन आणि त्याच्या भावंडांचा मिळून आहे. एकट्या कर्क्युमिनचा अठराच्या आसपास येतो.

खरी मेख याहून खोल आहे. रक्तात मोकळं कर्क्युमिन इतकं थोडं असतं की बहुतेक प्रयोगांत रक्ताचा नमुना आधी एका विकराने धुऊन घेतात, म्हणजे ती जोडलेली शेपटं तुटतात, आणि मग मोजतात. म्हणजे मोजलेल्यापैकी बहुतांश माल हा शरीराने आधीच निकामी ठरवून बाहेर काढायला बांधून ठेवलेला होता. तो पेशीत सहज शिरत नाही आणि मोकळ्या कर्क्युमिनइतका कामाचाही दिसत नाही. काही संशोधक म्हणतात की सूज असलेल्या जागी हे शेपूट पुन्हा तुटतं आणि कर्क्युमिन तिथे मोकळं होतं. शक्य आहे. पण डबीवर ‘शोषण’ असं छापताना कंपनी मोकळं मोजतेय की बांधलेलं, हे सांगत नसेल तर तो आकडा न वाचलेला बरा.

आणि पोचलं, तर त्याने होतं काय? सर्वांत बरा पुरावा गुडघेदुखीचा आहे. थायलंडमध्ये २०१४ मध्ये ३६७ रुग्णांना चार आठवडे एकतर दिवसाला दीड ग्रॅम हळदीचा अर्क दिला किंवा १२०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन. दुखण्यात अर्काचा गट औषधाच्या गटापेक्षा फारसा मागे राहिला नाही आणि पोटाच्या तक्रारी कमी झाल्या. गंमत अशी की त्यात मिरी, नॅनो काही नव्हतं. दुसऱ्या टोकाला २०१७ चा अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांचा लांबलचक आढावा आहे. शंभरावर मानवी चाचण्या होऊनही कर्क्युमिनचं औषध म्हणून नीट सिद्ध झालेलं एकही यश नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या अनेक चाचण्यांनाच चकवतं, खोटे होकार देतं, ही त्यांची तक्रार रसायनशास्त्रात गंभीर मानली जाते. दोन्ही बाजू वाचल्यावर वाटतं ते असं: गुडघ्यासाठी करून पाहण्याजोगं, कर्करोगासाठी किंवा विसरभोळेपणासाठी पैसे खर्च करण्याजोगं मुळीच नाही.

शोषणाच्या या शर्यतीत एक गोष्ट सगळे विसरतात. हळदीचे काही उपयोग असे आहेत की तिथे ती रक्तात पोचायचीच नसते. जपानमध्ये २००६ मध्ये मोठ्या आतड्याच्या व्रणांचा आजार शमलेल्या ८९ रुग्णांना नेहमीच्या औषधांबरोबर रोज दोन ग्रॅम कर्क्युमिन किंवा लुटुपुटीची गोळी दिली. सहा महिन्यांत कर्क्युमिनवाल्यांपैकी मोजणीत धरलेल्या ४३ मधल्या दोघांचा आजार उलटला, दुसऱ्या गटात ३९ मधल्या आठ जणांचा. संख्या लहान आहे, पण तर्क सरळ आहे. आजार आतड्याच्या आतल्या अस्तराचा, आणि न शोषलेलं कर्क्युमिन तिथूनच जातं. इथे जास्त शोषल्या जाणाऱ्या कर्क्युमिनची डबी उलट कमी उपयोगाची ठरू शकेल.

जखमेचंही तसंच. विळ्याने बोट कापलं की घरोघरी हळद दाबतात, ती वरून. अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या दोन संशोधकांना मार्च १९९५ मध्ये मिळालेलं पेटंट नेमकं याच, जखम भरण्याच्या उपयोगाचं होतं. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि निबंध असे बत्तीस दाखले पुढे ठेवून ऑगस्ट १९९७ मध्ये ते रद्द करवलं. ज्या उपयोगासाठी देशाने एवढी लढाई दिली, त्यात शोषणाचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

स्वयंपाकघराकडे वळलं तर दिसतं की तिथे मात्रा थोडी, पण जुळणी भलती चांगली. मराठवाड्यात आमटीची फोडणी पूर्वापार करडईच्या तेलाची. हळद पडते ती गरम तेलात, आणि कर्क्युमिन तेलात विरघळतं. येसराच्या मसाल्यात काळी मिरी असतेच. वर चिंच. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने २००७ मध्ये मोजलं की शिजवण्यात कर्क्युमिनचा २७ ते ५३ टक्के नाश होतो आणि दहा मिनिटं कुकरमध्ये ठेवल्याने सर्वाधिक; पण चिंच असली तर नाश १२ ते ३० टक्क्यांवर राहतो. तेव्हा वरणाच्या कुकरात हळद टाकण्यापेक्षा ती फोडणीत घातलेली बरी, एवढा निष्कर्ष तरी बिनखर्चाचा आहे.

हळद-दुधाचंही तसंच. भूम तालुका खव्यासाठी ओळखला जातो, तिथल्या म्हशीच्या दाट दुधात हळद उकळली तर तिला स्निग्धांश मिळतो. साय काढलेल्या पिशवीतल्या दुधात तो राहत नाही. पाण्यात उकळलेला हळदीचा काढा यात सर्वांत मागे. उकळीने विरघळण्याचं प्रमाण काहीसं वाढतं खरं, पण मुळात ते नगण्य. वैद्यांना हे वेगळ्या भाषेत ठाऊक होतं. कुठलं औषध पाण्याबरोबर, कुठलं मधाबरोबर, कुठलं तुपातून, हा अनुपानाचा विचार आयुर्वेदात औषधाइतकाच महत्त्वाचा आहे. अंगावर पित्त उठतं त्यावर दिला जाणारा हरिद्राखंड पाहावा: हळद दुधात शिजवलेली, तुपात परतलेली, साखरेत घोळलेली, वर त्रिकटू. स्निग्ध वाहक आणि मिरी, दोन्ही एकाच बरणीत. मात्र यावरून आचार्यांना ग्लुकुरोनिक आम्ल माहीत होतं, अशी उडी मारायची गरज नाही. त्यांनी रोग्याकडे पाहून रीत ठरवली, बस. हरिद्राखंडात साखरही भरपूर असते, हे मधुमेह्यांनी ध्यानात ठेवावं.

पुडी घ्यायची तर रंगाला भुलू नये. हळकुंडाला झळाळी आणायला शिशाचं क्रोमेट फासण्याचा प्रकार बांगलादेशात २०१९ मध्ये उघड झाला आणि भारतातल्या काही शहरांतल्या नमुन्यांतही शिसं सापडलं. कर्क्युमिन शोषलं जात नाही. शिसं, विशेषतः लहान मुलांत, छान शोषलं जातं. अख्खं हळकुंड आणून दळून घेणं हा बराच सुरक्षित मार्ग, तोही अतिचकचकीत हळकुंड टाळून.

आता यकृत. खाण्यातल्या हळदीने यकृत बिघडल्याचं सहसा ऐकू येत नाही. पण शोषण वाढवलेल्या पुड्यांचा जमाना आला आणि बातम्या बदलल्या. इटलीत २०१८-१९ मध्ये हळदीच्या पूरकांनंतर यकृतदाहाचे सुमारे वीस रुग्ण लागोपाठ आढळले. फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये नव्या, जास्त शोषल्या जाणाऱ्या प्रकारांबद्दल स्पष्ट सावध केलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या औषधजन्य यकृतविकारांच्या नोंदवहीतून दहा रुग्णांचा अभ्यास आला: सगळे २०११ नंतरचे, पाच रुग्णालयात दाखल, एक दगावला. तपासलेल्या सात उत्पादनांपैकी तिनांत पिपेरिन होतं. दहांपैकी सात जणांत एक विशिष्ट जनुकीय खूण सापडली, म्हणजे धोका सर्वांना सारखा नाही. पण आपल्यात ती खूण आहे की नाही, हे डबी घेताना कुणाला माहीत असतं?

कर्क्युमिन लोहालाही धरून ठेवतं. उंदरांवरच्या प्रयोगांत आणि विरळा रुग्णांतही त्यामुळे लोहाची कमतरता दिसली आहे. धाराशिवमध्ये ही बाब किरकोळ नाही. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ म्हणून उभं केलं. खेड्यातल्या बाईचं हिमोग्लोबिन किती खाली असतं, हे अशा कार्यकर्त्यांइतकं कुणाला ठाऊक नसेल. लोहाच्या गोळ्या चालू असलेल्या बाईला ‘प्रतिकारशक्तीसाठी’ म्हणून हळदीची जोरदार कॅप्सूल आणून देणाऱ्या मुलाचा हेतू चांगलाच असतो. आमटीतल्या हळदीने तिचं काही बिघडणार नाही. कॅप्सूलबद्दल मात्र डॉक्टरांना विचारून घ्यावं.

खाद्यरंग म्हणून कर्क्युमिनची दैनंदिन सुरक्षित मर्यादा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने किलोमागे तीन मिलिग्रॅम धरली आहे. साठ किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅम. पाचशेची एक कॅप्सूल तिच्या पुढे जाते, आणि तीही साध्या पुडीच्या हिशेबाने ठरलेली मर्यादा आहे, एकोणतीस पट शोषल्या जाणाऱ्या मालाच्या नव्हे.

भारतात हळदीची कॅप्सूल दोन दारांनी येते. आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावर, किंवा अन्नपूरक म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या परवान्यावर. दुसऱ्या प्रकारच्या डबीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं इंग्रजीत छापावंच लागतं. पहिल्या प्रकारच्या औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घ्यायला आयुष मंत्रालयाची यंत्रणा २०१८ पासून आहे. अडचण दवाखान्यातच सुरू होते. कोणती औषधं चालू आहेत असं डॉक्टरांनी विचारलं की रुग्ण रक्तदाबाची गोळी सांगतो, साखरेची सांगतो. हळदीचं नाव घेत नाही, कारण त्याच्या लेखी ते औषध नाही. लघवी गडद व्हायला लागली, भूक गेली, डोळे पिवळे दिसू लागले की पहिल्यांदा ती डबी बंद करायची आणि डॉक्टरांपुढे नेऊन ठेवायची. अमेरिकेतल्या त्या दहांपैकीही बहुतेक जण डबी बंद केल्यावर बरे झाले.